दोघी विहिणींचं रक्त

त्या दिवशी फोटोच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं पदरचं घातलान. डॉक्टर होते. डॉक्टरांची बायको दारात होती, तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. मशीन चालवणारा मास्तर होता. मुंबईहून आलेला तपासणीचा साहेब होता, बॅग पोटाशी धरून. टेबलावर एक आजोबा होते, खुब्याचं हाड मोडलेले. त्यांना कुणी उठा म्हणालं नाय आणि उठता येतही नव्हतं, म्हणून ते सगळं ऐकत पडून होते. माझ्या बहिणीचा मुलगा होता. तो जेटीवर मासळीचे खोके भरतो, डॉक्टरांकडे बांगडे द्यायला आलेला. आणि मी होते, हातात फडकं.

फोटो म्हणजे एक्स-रे. मी त्या दवाखान्यात फोटोच्या खोलीची झाडलोट करायची.

साहेब म्हणाला, "या बाईंचा बिल्ला आम्ही मुंबईत तपासला. त्याच्यावर फार किरण पडलेत. रक्ताची तपासणी होईपर्यंत यांनी या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

टेबलावरचे आजोबा म्हणाले, "आणि मी हो? मी तर इथं मघापासून पडलोय."

"तुम्ही गप्प पडा," मास्तर म्हणाला. "हाललात तर परत काढायला लागेल."

हा बिल्ला म्हणजे काय ते सांगते. फोटोच्या खोलीत काम करणाऱ्याला प्लास्टिकचा एक चपटा डबीसारखा बिल्ला देतात, छातीवर लावायचा. माणसाला किती किरण लागले ते त्यात उतरतं. तीन महिन्यांनी तो मुंबईला जातो आणि दुसरा येतो. आमच्याकडे हे बिल्ले कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमाराला आले. त्याच्या आधी मी कितीतरी वर्षं त्या खोलीत होते, तेव्हा बिल्लाबिल्ला काय नव्हता.

माझा नवरा खलाशी होता. बोट गेली ती परत आली नाय. लेक अंगावर पीत होती. भाट्याला, खाडीकाठच्या गावात, आमचं दोन खणांचं घर, दाराशी चार माड, त्यातला एक वांझ. मी चौथी शिकलेली. मासळी विकायला बसले तर तान्ही पोर उन्हात, म्हणून दवाखान्यात लागले. काम झाडायचं, पुसायचं. पण लहान पोराचा फोटो काढायचा म्हणजे ते हातपाय झाडतं, आई घाबरून बाजूला उभी राहते. मग मास्तर म्हणायचा, "मावशी, धरा." मी धरायची. एका हातानं कपाळ, एका हातानं गुडघे. शिशाचा एप्रन एकच होता, तो मास्तरचा. मला कुणी दिलान नाय आणि मीही मागितला नाय. पोर रडत असलं की तेव्हा आपण पोराकडे बघतो, एप्रनकडे नाय.

तर त्या साहेबाच्या बोलण्यानं मला काय वाटलं असेल? घाबरले का? थोडी. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. माझी लेक खेडला दिलेली, तिचा सातवा संपत आलेला. ओटी भरून तिला मी आठवड्याभरात बाळंतपणाला घरी आणणार होते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लग्नात मला मानपान काय जमलं नव्हतं. पण गरम पाणी, शेकशेगडी, अळिवाची खीर, हे आई गरीब असली तरी देऊ शकते. लाकडं मी पावसाच्या आधीच पडवीत रचून ठेवलेली.

बहिणीच्या मुलाचं तोंड म्हणजे भरतीचं पाणी, थांबत नाय. बांगडे देऊन तो गेला, आणि संध्याकाळपर्यंत जेटीवर सगळ्यांना माहीत की मावशीच्या अंगात किरण शिरले. खेडचा एक गाडीवाला त्याच्याकडून खोके न्यायचा. झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या किराणावाल्याच्या फोनवर विहिणीचा फोन.

विहीण म्हणजे लेकीची सासू. बाई स्वभावानं वाईट नाय, पण जीभ आमसुलासारखी.

"विहीणबाई, रागावू नका हां," ती म्हणाली. "पण मी ऐकलं ते खरं काय?"

"तुम्ही काय ऐकलात त्याच्यावर हाय."

"तुमच्या अंगात ते मशीनचं शिरलंय म्हणतात. आणि दुसऱ्याला लागतं म्हणतात. पोटुशी बाई मी त्या घरात कशी पाठवू सांगा. उद्या पोराला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"माझ्या शेजारी बसून कोण मेलंय आजवर?"

"मेलं नाय. पण रक्ताचं उत्तर येऊ दे. चांगलं आलं तर मी स्वतः आणून सोडीन. नाय आलं तर बाळंतपण इथं होईल. खेडला काय डॉक्टर नायत?"

मागून लेकीचा आवाज आला, "आये, तू जेवलीस काय?" आणि फोन कट झाला. किराणावाला नारळ निवडायचं सोंग करत होता. मी त्याला म्हटलं, "ऐकलास ना सगळं, आता सांग सगळ्यांना, म्हणजे मला फिरायला नको."

तर पैज अशी लागली. रक्त चांगलं तर लेक माझ्या घरी. नाहीतर नाय.

रक्तात काय बघणार ते डॉक्टरांनी मला समजावलं. रक्तात पेशी असतात, पेशीच्या आत बारीक धागे असतात. किरण लागले की ते धागे तुटतात. शरीर ते परत जोडतं, पण कधी कधी भलत्याला भलतं जोडतं. ते चुकीचे जोड मोजले की माणसाला मागे किती किरण लागले त्याचा अंदाज येतो. बिल्ला कुठं पडला, कुणी टाकला, कुणी घातला, ते बिल्ला सांगू शकत नाय. रक्त माणसाच्या अंगातच असतं, त्यामुळे रक्ताला लबाडी येत नाय.

मी म्हटलं, "म्हणजे जाळं सांधल्यासारखं. सांधा बघितला की कळतं कुठं फाटलेलं."

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

रक्त काढलं, बाटलीत न गोठायचं औषध घातलेलं. मुंबईला पाठवायचं कसं? कुरियरला दोन दिवस लागणार होते. वहिनी म्हणाली, "तुमचा भाचा रोज मासळी पाठवतो ना मुंबईला, त्याच्या गाडीबरोबर देऊ. गारव्यात पाठवायचं म्हणून सांगा."

झालं. भाच्याला अंगभर काम मिळालं. थर्माकोलचा नवा खोका काढलान. तळाला बर्फाचा भुगा, त्याच्यावर मीठ, मधे बाटली, वर परत बर्फ, परत मीठ. पापलेटलाही इतकं प्रेम मिळत नाय. झाकण चिकटपट्टीनं बांधलान आणि म्हणाला, "मावशी, हे रक्त मुंबईत उतरेल तेव्हा समुद्रातून नुकतं काढल्यासारखं असेल."

दोन दिवसांनी मुंबईहून डॉक्टरांना फोन. तिकडच्या रक्त तपासायच्या लॅबची मॅडम म्हणाली, रक्त बर्फ होऊन दगड झालेलं आलं. आतल्या पेशी मेल्या. त्या जिवंत लागतात. त्यांना उबेत ठेवून दोन दिवस खायला घालतात, मग त्या एकीच्या दोन व्हायला लागतात, तेव्हाच धागे दिसतात. मेलेल्या पेशीत बघायला काय नाय.

भाच्यानं ऐकलान आणि खाली बसला. "आजवर माझा एक खोका कुणी परत पाठवला नाय."

"हा पण परत नाय पाठवलानी, फेकला," मी म्हटलं.

थोड्या वेळानं त्याला सुचलं. "चुकलंच माझं. मेल्या मासळीला बर्फ. जिवंत खेकडे आपण बर्फात घालतो काय? ओल्या गोणपाटात नेतो. मावशी, दुसरी बाटली काढ, गोणपाटात पाठवतो."

"तू बाजूला हो," मी म्हटलं. त्याच्या खोक्याची बातमी तोवर खेडला पोचली होती. परत किराणावाल्याचा फोन.

"विहीणबाई, तुमचं रक्त मेलेलं निघालं म्हणतात."

"माझं नाय हो, बाटलीतलं. माझं मेलं असतं तर फोनवर कोण बोलतंय?"

"मला काय कळत नाय बाई. लेकीला तुमच्या आठवा लागला."

मॅडमनं निरोप दिला होता की दुसऱ्या खेपेला बाईंनाच पाठवा, समोर रक्त घेऊ. मी तसं विहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "कुठल्या गाडीनं?"

"सकाळच्या."

"मी खेडला चढते. माझ्या डोळ्यांनी बघते काय ते."

डॉक्टरांनी तिकीट काढून दिलं. मी त्याच्या आधी मुंबई एकदाच बघितलेली, तीही लग्नाच्या आधी. खेडला विहीण चढली, हातात चार कप्प्यांचा डबा. मी सरकून जागा केली. ती समोरच्या बाकावर बसली.

"इथं या की," मी म्हटलं.

"इथं वारा चांगला येतो."

वारा माझ्या खिडकीतून येत होता. बोगदा आला की डब्यात काळोख, बाहेर पडलो की ती माझ्याकडे बघत असायची, मी चमकते का काय ते बघायला. शेवटी मी म्हटलं, "काळोखात दिसले काय मी?"

तिला हसू आलं, पण दाबलान. रोहा गेलं तशी भूक लागली. तिनं डबा उघडलान. घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी माझी भाकरी काढली. तिनं घावणा कागदावर ठेवून माझ्याकडे ढकललान, बोट लागणार नाय असा. मी म्हटलं, "चटणीत कोकम कमी हाय." ती उठली, माझ्या शेजारी येऊन बसली, आणि म्हणाली, "चाखून सांगा नीट. कोकम मीच घातलंय." लग्न ठरल्यापासून विहीण माझ्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, म्हणून माझं एक वाक्य तिला लागलं ते लागलंच. किरणबिरण विसरली.

मुंबईला लॅबमध्ये पोचलो. मॅडम तरुण होती, डोक्यावर टोपी, हातात मोजे. रक्त घेतलान आणि विचारत बसली. किती वर्षं काम, कुठं उभ्या राहता, पोरं किती वेळ धरता. मग म्हणाली, "बिल्ला छातीवर लावत होता ना?"

"नाय."

"मग?"

"पदराला टिकत नव्हता. क्लिपनं पदर फाटायचा. एकदा पुसायच्या बादलीत पडला. मग वहिनीनं भिंतीत खिळा मारून दिलान. मी आले तरी खिळ्यावर, गेले तरी खिळ्यावर. हरवायला नको म्हणून."

"खिळा कुठे होता?"

"छातीचा फोटो काढायची उभी पाटी हाय ना, माणूस तिला टेकून उभा राहतो. तिच्या मागच्या भिंतीवर, पाटीच्या जरा वर."

मॅडमनं पेन खाली ठेवलान. "म्हणजे गावातल्या सगळ्यांबरोबर तुमच्या बिल्ल्यानेही छातीचे फोटो काढून घेतले. किरण त्याच्यावर पडले, तुमच्यावर नाही."

विहीण म्हणाली, "हे त्या साहेबाला सांगितलं असतंत तर?"

"त्यानं विचारलान नाय. आणि खिळा काय सांगायची गोष्ट हाय?"

"तरी रक्त बघावंच लागेल," मॅडम म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं मुलं धरलीत. ते बिल्ल्यात नाही, पण रक्तात असू शकतं."

बिल्ल्याचं खोटं निघालं, पण पोरांचं खरं होतं. ते मी कुणाला सांगून पुसू शकत नव्हते.

मॅडमनं आम्हाला बारीक दिसायच्या दुर्बिणीतून दुसऱ्या कुणाचं तरी रक्त दाखवलान. काचेवर बारीक काळे धागे पसरलेले, आखूड, लांब. प्रत्येकाला मधे एक कंबर, बांधल्यासारखी. त्याला क्रोमोसोम म्हणतात, तिनं दोनदा सांगितलान, मी धागेच म्हणते. मग एक दाखवलान त्याला दोन कंबरा. दोन तुटके धागे एकमेकांना जोडले गेले की असं होतं, आणि हे बहुतेक किरणांचं काम. पण हे दोन कंबरांचे वर्षं गेली की कमी होतात. जुनं बघायचं तर रंग लावतात. एक धागा तांबडा रंगवतात, दुसरा हिरवा, आणि काळोखात बघतात. तांबड्याला हिरव्याचं टोक लागलेलं दिसलं की समजायचं, कधीतरी अदलाबदल झाली. ते वर्षानुवर्षं राहतं. तेही तिनं दाखवलान.

विहीण दुर्बिणीला डोळा लावून बसली ती उठेना. "कंदील लावलेत आत. आणि सगळ्यांच्या अंगात असे तुटके असतात काय?"

"थोडे सगळ्यांच्यात असतात. वय झालं की वाढतात. ऊन, धूर, हवा, अन्न, काहीही."

"माझ्यात नसणार. मी मशीन कसलं असतं ते बघितलं नाय आजवर."

मॅडम म्हणाली, "आम्हाला अशाच लोकांचं रक्त हवं असतं. तुलना करायला. देता का? एक बाटली."

विहीण माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "भिऊ नका, टोचतं फक्त. लागत नाय दुसऱ्याला."

"मी भीत नाय कुणाला," तिनं पदर खोचलान आणि हात पुढं केलान. सुई आत गेली तेव्हा मात्र तिनं दुसऱ्या हातानं माझा हात घट्ट धरलान. मॅडमनं बोळा लावून झाला तरी सोडला नाय. मग मी विचारलं, "मॅडम, एक सांगा. हे किरण माझ्यातून दुसऱ्याला लागतात काय? पोटुशी बाई माझ्या घरी राहिली तर? पोर मांडीवर घेतलं तर?"

"अजिबात नाही. फोटो काढला की किरण संपले. अंगात राहत नाहीत. राहतो तो फक्त चुकीचा जोड, आणि तो तुमचा तुमच्याकडे."

विहिणीनं माझा हात सोडलान. येताना गाडीत ती म्हणाली, "मॅडमचं म्हणणं मॅडमचं. उत्तर येऊ दे."

"येऊ दे," मी म्हटलं. पण उतरताना डब्यातले उरलेले घावणे ती माझ्या पिशवीत घालून गेली.

उत्तर यायला वेळ लागला. लेकीचा आठवा संपत आला. मी घरात बसून होते, खोलीत पाऊल नाय. पडवीतली लाकडं मी दोनदा काढून परत रचली. भाचा रोज काहीतरी घेऊन यायचा, कधी मुडदुशा मासे, कधी तिसऱ्या शिंपल्या, आणि बर्फ अजिबात नाय. "बघ मावशी, जिवंत हाय," म्हणायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.

मग डॉक्टर स्वतः घरी आले. चपला बाहेर काढून ओटीवर बसले. म्हणाले, "बिल्ला म्हणत होता तेवढे किरण तुम्हाला लागलेले नाहीत. तसं असतं तर रक्तात खूपच सापडलं असतं. पण तुमच्या वयाच्या मानाने काही जोड जास्त आहेत. जुने. मुलं धरण्याचे असावेत. घाबरण्यासारखं नाही, कामावर या. फक्त यापुढे मुलं तुम्ही धरायची नाहीत. ज्याचं मूल त्यानं धरायचं, एप्रन घालून. नवे एप्रन मागवलेत."

मी मान हलवली. ते काही जोड कुणाकुणाच्या पोराचे होते कुणास ठाऊक. एखादा हात मोडलेला, एखाद्यानं नाणं गिळलेलं, एखादीच्या छातीत कफ. आता ती सगळी मोठी झाली असतील. मला त्याचं वाईट वाटलं नाय. एप्रन आधी आला असता तर बरं झालं असतं, एवढं मात्र वाटलं.

"आणि हे तुमच्या विहिणीचं," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी बजावून सांगितलं होतं म्हणे, माझंही उत्तर पाठवा. त्यांचंही ठीक आहे. वयाप्रमाणे. त्यांच्यातही रंगाची अदलाबदल झालेला जोड सापडलाय, सगळ्यांच्यात सापडतो तसा."

मी किराणावाल्याकडे गेले. त्यानं मी सांगायच्या आधीच नंबर फिरवलान. मी विहिणीला माझं सांगितलं, काही लपवलं नाय, जास्त हाय ते जास्त हाय म्हणून सांगितलं. मग तिचं सांगितलं.

तिनं तेवढंच मला परत सांगायला लावलान.

"माझ्यात कुठून आला तो?" ती म्हणाली. "मी तर मशीन बघितलं नाय."

"मॅडम म्हणाली ना, सगळ्यांच्यात असतो."

"म्हणजे आता मी पण पोराला घ्यायचं नाय की काय?"

"घ्या की. मी काय तुमच्यासारखी नाय."

ती हसली. तोंडावर हात न ठेवता हसली, फोनवरून कळतं. मग तिनं फोनपासून तोंड बाजूला केलान आणि आत हाक मारलीन, "अगो, बॅग भर. उद्या जायचंय तुझ्या आयशीकडे." आणि मला म्हणाली, "मी पण येते. चार दिवस राहीन. तुमच्या हातचं सार मला जमत नाय, मी माझं करीन."

ती चार दिवसांसाठी आली ती बारशापर्यंत राहिली. लेक माझ्या घरी बाळंत झाली. म्हणजे दवाखान्यात झाली, पण तिसऱ्या दिवशी माझ्या घरी आली. मुलगी. पाणी मी तापवलं, शेक मी दिला, खीर विहिणीनं केलीन आणि त्यात गूळ जास्त घातलान. पोरीला न्हाऊ घालून गुंडाळली तेव्हा आम्ही दोघी पाटावर शेजारी बसलेल्या. विहिणीनं पोर उचललीन, तिच्याकडे बघितलान, आणि मला म्हणाली, "धरा. मांडी सरळ करा आधी, तुमची मांडी म्हणजे घसरगुंडी." मी मांडी सरळ केली. पोरीनं डोळे मिटून जांभई दिलीन.

आता हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं. तुमच्या घरात, शेजारी, कुणी फोटोच्या खोलीत काम करणारी बाई असेल, तर तिच्या हातचं पाणी प्या आणि तुमचं पोर तिच्या मांडीवर द्या.